अपग्रेडनंतर मशीन बंद पडतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या पंचवटीत एका ताईंचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन आठव्या जनरेशनचं आय-५, ८ जीबी रॅम, विंडोजसाठी एसएसडी, आणि ग्राहकांच्या डिझाइनसाठी जुनी १ टीबी हार्ड डिस्क. तीन आठवड्यांपूर्वी विंडोज १० वरून ११ केलं. तेव्हापासून स्क्रीन काळी होऊन मशीन रीस्टार्ट होतं किंवा चक्क बंद पडतं. दिवसातून दोन-तीनदा, आणि प्रिंट देताना जास्त. मेकॅनिक म्हणतो, ‘फॉरमॅट मारू, नाही जमलं तर मदरबोर्ड बदलू.’ लग्नसराई तोंडावर आहे. काय करावं?

ताई, फॉरमॅट आत्ता नको, आणि मदरबोर्ड तर नकोच. ‘स्क्रीन काळी होते’ असं तुम्ही लिहिलंय, त्यात दोन वेगळे आजार लपलेले असू शकतात. ते आधी वेगळे करू.

विंडोज कोसळलं की वर्षानुवर्षं आपण ‘ब्लू स्क्रीन आली’ म्हणत आलो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये ती निळी स्क्रीन काळी करून टाकली. रडका चेहरा गेला, क्यूआर कोड गेला. आता काळ्या स्क्रीनवर दोन ओळी येतात, टक्केवारी पुढे सरकते, खाली स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, असतो आणि कधी कधी दोषी ड्रायव्हरचं, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, नावही असतं. हे सगळं काही सेकंदांत होऊन मशीन रीस्टार्ट होतं. तुम्ही तेव्हा काउंटरवर पैसे मोजत असलात तर तुम्हाला फक्त ‘काळी झाली’ एवढंच दिसणार. दुसरा काळेपणा म्हणजे वीजच तुटण्याचा. अक्षरं नाहीत, टक्केवारी नाही, पंखा थांबतो, कॅबिनेटवरचा दिवा विझतो. पहिल्यात विंडोजने स्वतःहून हात वर केलेले असतात. दुसऱ्यात विंडोजला काही कळायच्या आतच पुरवठा गेलेला असतो. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत, आणि फॉरमॅटने दुसरा आजार कधीही बरा होत नाही.

पण सगळ्यात आधी डेटा. आज दुकान बंद करण्यापूर्वी ग्राहकांची डिझाइन्स, फॉन्टचं फोल्डर, टॅली वापरत असाल तर तिचं डेटा फोल्डर आणि डाउनलोड्समध्ये पडलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फाइल्स, हे सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. सारखं मध्येच बंद पडणारं मशीन एखाद्या दिवशी फाइल लिहिता लिहिता बंद पडतं, आणि मग ती फाइल उघडत नाही. त्याच वेळी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की आहे का बघा आणि असेल तर कागदावर उतरवून ठेवा. पुढे बायोसला, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामला, हात लावायची वेळ आली तर मशीन ती की मागू शकतं. तेव्हा ती हाताशी नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही मिळत नाही.

आता मशीनला बोलतं करू. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ येतं. त्यात दिवसवार तक्ता असतो आणि लाल फुल्या असतात. अपग्रेडची तारीख शोधा आणि तिच्या आधीच्या फुल्या बघा. विंडोज १० पासूनची नोंद शिल्लक असेल आणि तेव्हाही फुल्या दिसत असतील, तर बिचाऱ्या अपग्रेडवर नाहक आळ येतोय. अशी प्रकरणं मी भरपूर पाहिली आहेत. मशीन आधीपासूनच आठवड्यातून एकदा बंद पडत होतं, पण ‘लाइट गेली असेल’ म्हणून सोडून दिलेलं असतं.

मग स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. तिथे ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी नोंद दिसेल. पुष्कळ जण ती बघून थेट एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बदलतात. ही नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नाही. कारण ती सांगत नाही. खरी माहिती तिच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये असते, तिथे बगचेककोड नावाची ओळ शोधा. तिथे शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर विंडोजने स्टॉप कोड दिला होता, म्हणजे पहिला आजार. शून्य असेल तर बहुधा पुरवठा तुटला, मशीन पूर्ण गोठलं किंवा कोणीतरी बटण दाबून बंद केलं. आठवड्याभराच्या सगळ्या ४१ च्या नोंदी उघडून दोन रकाने करा, शून्यवाल्या एकीकडे, आकडेवाल्या दुसरीकडे, आणि प्रत्येकीपुढे वेळ आणि तेव्हा काय चाललं होतं ते लिहा. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की दोन्ही रकाने भरतील.

शून्यवाला रकाना आधी घेऊ, कारण तो स्वस्तात सुटतो. माझा पहिला प्रश्न: लेझर प्रिंटर कुठे लावलाय? कॉम्प्युटरच्याच यूपीएसवर असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे. लेझर प्रिंटरमधला फ्युजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवणारा गरम रोलर, तापताना काही क्षण कित्येकशे वॅट खेचतो, मोठ्या मशीनमध्ये हजाराच्याही वर. दुकानातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. प्रिंट सोडली, फ्युजर तापला, यूपीएस दबला आणि मशीन गेलं, असा तो क्रम. झेरॉक्स मशीन त्याच एक्स्टेंशन बोर्डवर असेल तर आणखी वाईट. प्रिंटर आणि झेरॉक्स थेट भिंतीच्या वेगळ्या सॉकेटला लावा आणि दोन-तीन दिवस बघा. खर्च शून्य.

यूपीएसची बॅटरीही तपासून घ्या. काम सेव्ह करा, सगळं बंद करून फक्त डेस्कटॉप उघडा ठेवा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. मशीन त्याच क्षणी गेलं तर बॅटरी संपलेली आहे, मग दिवा हिरवा का असेना. या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत मान टाकतात. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे वीज पापणी लवावी तशी जाते-येते. ट्यूबलाइट लुकलुकलेली तुम्हाला जाणवतही नाही, पण मेलेल्या बॅटरीमागचं मशीन रीस्टार्ट होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही बघून घ्या. जुन्या वाड्यांतल्या दुकानांत पंचवटीपासून भद्रकालीपर्यंत हे सर्रास सापडतं.

हे करूनही बंद पडत राहिलं तर कॅबिनेट उघडा. झेरॉक्सच्या दुकानातली धूळ नेहमीची नसते, तीत टोनर असतो आणि तो प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिकटून बसतो. तोंडाने फुंकू नका. ब्लोअरने काढा आणि पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीत तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की तो आधी वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट प्रोग्रामात तापमान दिसतं. मोठी फाइल एक्स्पोर्ट करताना ते नव्वदीच्या पुढे राहत असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बहुधा वाळलेली आहे. ती बदलून घ्या. एसएमपीएसची शंका सगळ्यात शेवटी, आणि तीही दुसरा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघून. मल्टिमीटरने नुसतं मोजून ‘बारा व्होल्ट येतायत, ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लोड आल्यावर तो किती देतो, हा खरा सवाल असतो.

मग हे सगळं अपग्रेडनंतरच का सुरू झालं? अपग्रेडनंतरचे पहिले काही दिवस विंडोज पाठीमागे फार राबतं. फाइल्सची नव्याने सूची करणं, अपडेट्स उतरवणं, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी. प्रोसेसर आणि डिस्क एरवीपेक्षा जास्त ताणात असतात. काठावर चाललेला यूपीएस, एसएमपीएस किंवा हार्ड डिस्क नेमकी तेव्हा उघडी पडते. फॉरमॅट मारलं की हाच ताण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आता दुसरा रकाना, स्टॉप कोडवाला. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे, तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका. म्हणजे स्क्रीन थांबून राहील आणि तुम्हाला मोबाइलवर फोटो काढता येईल. तिथेच खाली ‘स्मॉल मेमरी डंप’, म्हणजे कोसळण्याच्या क्षणाची छोटी नोंद, निवडा. सी ड्राइव्हवरची पेजिंग फाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली जागा) कोणी ‘स्पीड वाढतो’ म्हणून बंद केली असेल तर ती चालू करा, नाहीतर डंप लिहिलाच जात नाही. यानंतर प्रत्येक क्रॅशची एक छोटी फाइल विंडोजमधल्या ‘मिनीडंप’ फोल्डरमध्ये साठेल.

ती वाचायला बरेच जण ब्लूस्क्रीनव्ह्यू वापरतात. सोपं आहे, पण त्यात एक फसवणूक होते. दोषी म्हणून वारंवार ‘एनटीओएसकर्नल’चं नाव येतं, आणि लोक म्हणतात विंडोजच करप्ट, मारा फॉरमॅट. ते नाव विंडोजच्या गाभ्याचं आहे. एखाद्या ड्रायव्हरने मेमरीत चुकीच्या जागी लिहिलं की ते गाभ्याच्या अंगावर येतं आणि नोंद गाभ्याच्या नावाने होते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरचं विनडीबीजी फुकट आहे. त्यात डंप उघडून ‘अ‍ॅनालाइझ’ची आज्ञा दिली की बऱ्याचदा खरं नाव निघतं. एका डंपवरून निकाल लावू नका, तीन-चार बघा. प्रत्येक वेळी एकच ड्रायव्हर दिसला तर तो चोर. दर वेळी वेगळा कोड आणि वेगळं नाव आलं तर सॉफ्टवेअर सोडा, रॅमकडे वळा.

कोडचंही थोडं सांगतो. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ म्हणजे जवळजवळ नेहमीच ड्रायव्हर, बऱ्याचदा नेटवर्कचा. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्स. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आणि ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ आलटून पालटून येत असतील तर रॅम आधी तपासा. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे हार्डवेअरने स्वतः दिलेली तक्रार: ताप, व्होल्टेज किंवा प्रोसेसर. ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ आलं तर माझी नजर आधी डिस्ककडे जाते.

प्रिंटच्या वेळी स्टॉप कोड येत असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरवर शंका घ्यायला इतिहासात आधार आहे. मार्च २०२१ मध्ये विंडोज १० चं एक मासिक अपडेट आलं आणि क्योसेरा, रिको, झेब्रा अशा काही प्रिंटरांवर प्रिंट देताच ‘एपीसी इंडेक्स मिसमॅच’ म्हणत मशीनं कोसळू लागली. मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात तातडीने दुरुस्ती काढावी लागली. तुमच्या बाबतीत विंडोज १० चा जुना ड्रायव्हर अपग्रेडबरोबर तसाच पुढे आला असण्याची शक्यता मोठी आहे. नुसता प्रिंटर ‘रिमूव्ह’ केल्याने तो जात नाही. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ड्रायव्हर्स टॅबवर जाऊन ड्रायव्हर आणि त्याचं पॅकेज दोन्ही काढा, रीस्टार्ट करा, मग कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर घाला. सीडीतला नको, आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरं तर अजिबात नकोत.

डीटीपीवाल्यांसाठी आणखी एक संशयित असतो, डोंगल. जुनी मराठी टायपिंगची आणि डिझाइनची पॅकेजं यूएसबी डोंगलवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या लायसन्सच्या किल्लीवर, चालतात, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या जमान्यातला असू शकतो. तो ओळखायला एक युक्ती आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘डिव्हाइस सिक्युरिटी’, तिथे ‘कोअर आयसोलेशन’, त्यात ‘मेमरी इंटिग्रिटी’. ती बंद असेल तर चालू करून बघा. जुने, न जुळणारे ड्रायव्हर सापडले तर विंडोज ती चालू करायचं नाकारतं आणि त्यांची यादी नावानिशी दाखवतं. ती यादी म्हणजे तुमचे संशयित. डोंगल ज्या कंपनीचं आहे तिच्याकडून नवा ड्रायव्हर मागा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल तर मी मदत करू शकत नाही आणि कंपनीही करणार नाही. त्या क्रॅकबरोबर काय काय आत आलंय हे कोणालाच माहीत नसतं.

अँटिव्हायरस विंडोज १० च्या वेळचा असेल, किंवा दोन असतील, तर तो पूर्ण काढा. त्याच्या कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल असतं, ते वापरा. अँटिव्हायरस विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसतो, म्हणून त्याची चूक सगळ्या मशीनला घेऊन पडते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेट फाइलने जगभरात अंदाजे ८५ लाख विंडोज मशीनं एका दिवसात आडवी केली. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरांवर चालवून, ती एक फाइल उडवणं. फॉरमॅटची गरज नव्हती.

सेफ मोडचा तुम्हालाही उपयोग आहे. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज. सेफ मोडमध्ये मशीन तासन् तास नीट चाललं तर बाहेरचा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम दोषी धरा. तिथेही कोसळलं तर हार्डवेअर. हा निवाडा शंभर टक्के नसतो, पण दिशा देतो.

रॅम आणि डिस्कचं लवकर उरकतो. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी टोकं खोडरबरने पुसून पुन्हा घट्ट बसवा. मशीनचा प्लग आधी काढायला विसरू नका. मग रात्री दुकान बंद करताना मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून जा. सकाळी एकही एरर दिसली तर रॅम वाईट, ‘एकच तर आहे’ चालत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा. डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो. ‘गुड’ सोडून ‘कॉशन’ दिसलं तर त्या जुन्या १ टीबीवर पुढचं कुठलंही काम ठेवू नका. एसएसडीचं फर्मवेअरही (तिच्या आतला प्रोग्राम) बघा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये २४एच२ आलं तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टीबी एसएसडींवर मशीनं कोसळत होती. या एसएसडींना स्वतःची डीरॅम (वेगवान मेमरी) नसते, त्या मशीनच्या रॅममधला तुकडा उसना घेतात. आधी विंडोज ६४ एमबी देत असे, २४एच२ ने मागितली तेवढी, म्हणजे २०० एमबी द्यायला सुरुवात केली, आणि ते फर्मवेअरला झेपलं नाही. कंपनीने नवं फर्मवेअर काढलं आणि प्रश्न मिटला. मदरबोर्डांचा यात काही दोष नव्हता.

एक काम केलं की दोन दिवस थांबा. मेकॅनिक आला की त्याला घाई असते, म्हणून तो एका बैठकीत रॅम पुसतो, ड्रायव्हर बदलतो, अँटिव्हायरस काढतो आणि बायोसही अपडेट करतो. मशीन बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्याला तुमचे ते दोन रकाने दाखवा. चांगला मेकॅनिक ते बघून खूश होईल. बायोस अपडेट करायचाच झाला तर आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करायचा आणि यूपीएस धड असल्याशिवाय करायचा नाही. अर्ध्यात वीज गेली तर खरोखरच मदरबोर्ड बदलावा लागेल.

विंडोज १० वर परत जाता येईल का? ‘गो बॅक’ची सोय अपग्रेडनंतर फक्त १० दिवस असते, ती तुमच्याकडून निघून गेली. नव्याने विंडोज १० टाकता येईल, पण त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावनोंदणी केलेल्या घरगुती मशीनांना सुरक्षेची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतात. दुकानाच्या बँकिंगच्या मशीनवर मी तो मार्ग घेणार नाही. तुमचं आठव्या जनरेशनचं मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतं, तेव्हा परत जायचं कारणही नाही. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीनवर कोणी तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून दिलं असतं, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं.

हे सगळं होऊन दोन्ही रकाने अजून भरत असतील, आणि रॅम-डिस्क-वीज स्वच्छ निघाली असेल, तरच विंडोजच्या फाइल्सवर या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून आधी ‘डिस्म’ची रिस्टोअरहेल्थ आणि मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’. क्रम हाच, कारण दुसरी आज्ञा ज्या साठ्यातून फाइल्स घेते तो साठा पहिली दुरुस्त करते. त्यानेही भागलं नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ आहे. ते विंडोज जागच्या जागी पुन्हा बसवतं. तुमच्या फाइल्स, प्रोग्राम आणि सेटिंग्ज राहतात. नेटच्या वेगावर अवलंबून तासा-दोन तासांचं काम, रविवारी दुकान बंद असताना करा.

फॉरमॅट त्याच्याही नंतर. त्या वेळी मेकॅनिकला हात लावू देण्याआधी टायपिंगच्या आणि डिझाइनच्या पॅकेजांची लायसन्सं ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ करून घ्या, नाहीतर काही कंपन्या ते नवं मशीन धरतात आणि की चालत नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टचं फोल्डर वेगळं उतरवा. ते फॉन्ट नसतील तर गेल्या हंगामातल्या सगळ्या पत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. आणि स्टॉप कोडचे फोटो काढलेत की त्यातल्या दोन-तीन डंपमध्ये कोणत्या ड्रायव्हरचं नाव येतंय ते कळवा, तिथून पुढे नेमकं सांगता येईल.